मोतीवाल्या मुलीमागचा हिरवा पडदा: एका चित्राची हायपरस्पेक्ट्रल तपासणी

सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याचं ते चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच. निळं-पिवळं कापड डोक्याला गुंडाळलेली मुलगी, मान वळवून आपल्याकडे बघतेय, ओठ किंचित उघडे, कानात मोठा मोती, आणि मागे नुसता काळोख. गर्ल विथ अ पर्ल इअरिंग. त्या काळोखाबद्दल कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, चेहरा उठून दिसावा म्हणून चित्रकाराने मागे मुद्दाम काळं ठेवलं. मीही कितीतरी वर्षं हेच धरून चालले होते आणि इतरांनाही हेच सांगायचे. पण तो काळोख व्हर्मीरने तसा रंगवलेलाच नाही. तिथे हिरवा पडदा होता, घड्या पडलेला, चकचकीत, आणि साडेतीनशे वर्षांत तो आपल्या डोळ्यांसमोरून निघून गेला. हे कसं कळलं, त्यात हायपरस्पेक्ट्रल इमेजिंगचं, म्हणजे प्रकाशाचे शेकडो पट्टे करून रंग मोजणाऱ्या तंत्राचं, काम नेमकं कोणतं, कुठे ते कमी पडलं आणि कळल्यावर चित्राचं पुढे काय करायचं, हे सगळं एका प्रकरणात नीट बघायला मिळतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चित्राची थोडी माहिती. साधारण १६६५ च्या सुमाराचं, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातलं, कॅनव्हासवर तैलरंग, आकार ४४.५ बाय ३९ सेंटीमीटर, म्हणजे फोटोत वाटतं त्यापेक्षा बरंच लहान. १८८१ मध्ये द हेगमधल्या एका लिलावात ते आर्नोल्डस देस टोम्ब या संग्राहकाने फक्त २ गिल्डर आणि वर ३० सेंट एवढ्यात घेतलं, चित्राची अवस्थाच इतकी वाईट होती. १९०२ मध्ये देस टोम्ब वारल्यावर त्यांच्या मृत्युपत्राने चित्र द हेगच्याच मॉरित्सहाउस संग्रहालयाकडे आलं आणि तेव्हापासून तिथेच आहे. मधल्या काळात अनेकांचे हात त्यावरून फिरले. मागून दुसरा कॅनव्हास चिकटवला गेला, वॉर्निश चढलं, उतरलं, पुन्हा चढलं, उडालेल्या जागा भरल्या. जुन्या चित्रांचं हे असंच असतं. त्यामुळे आज आपण जो रंग बघतो त्यात चित्रकाराचा किती, काळाचा किती आणि दुरुस्ती करणाऱ्यांचा किती, हे वेगळं काढणं हेच कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे चित्रांचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाचं, पहिलं काम.

१९९४ मध्ये या चित्राचं मोठं जतनकाम झालं. पिवळं पडलेलं वॉर्निश आणि जुनं रिटचिंग, म्हणजे उडालेल्या जागी नंतर भरलेला रंग, काढलं, आणि त्या निमित्ताने रंगाच्या अगदी बारीक कणांची तपासणीही झाली. तेव्हाच कळलं होतं की मागचा भाग साधा काळा नाही, खाली काळा थर आहे आणि त्याच्यावर पातळ पारदर्शक हिरवा थर, ज्याला चित्रकार ग्लेझ म्हणतात. तो हिरवा दोन वनस्पतींपासून आलेला, निळा नीळीचा म्हणजे इंडिगोचा आणि पिवळा वेल्ड नावाच्या रोपाचा. म्हणजे हिरवा होता हे १९९४ लाच माहीत होतं! मग २०१८ मध्ये नवीन काय शोधायचं होतं?

अडचण अशी की रंगाचा नमुना घेतात तो टाचणीच्या टोकापेक्षाही लहान, आणि घेतात तोही बहुतेक चित्राच्या कडेला किंवा आधीच तडा गेलेल्या जागी, कारण अशा चित्राच्या मधोमध सुरी लावायची कुणाचीही हिंमत होणार नाही आणि होऊही नये. तो नमुना त्या एका ठिपक्याबद्दल पक्कं सांगतो, पण शेजारच्या बोटभर जागेबद्दल काहीच सांगत नाही. त्यामुळे "इथे हिरवा होता" एवढं माहीत असूनही तो हिरवा सगळीकडे सारखा होता की कुठे गडद कुठे फिका, नुसती रंगीत भिंत होती की एखादी वस्तू होती, हे सगळं अंधारातच राहिलं. त्यासाठी चित्राच्या प्रत्येक बिंदूला तोच प्रश्न विचारता यायला हवा होता, आणि तोही हात न लावता.

ती संधी आली २०१८ मध्ये. २६ फेब्रुवारी ते ११ मार्च असे दोन आठवडे चित्र फ्रेममधून काढून संग्रहालयाच्याच गोल्डन रूममध्ये काचेच्या खोलीत ठेवलं, आणि लोक बाहेरून बघतायत अशा अवस्थेत रात्रंदिवस तपासणी चालली. प्रमुख होत्या संग्रहालयाच्या चित्र-कॉन्झर्व्हेटर अ‍ॅबी व्हॅन्डिव्हिअर. सोबत वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, आम्स्टरडॅमचं राइक्सम्यूझियम, डेल्फ्टचं तंत्रज्ञान विद्यापीठ, अँटवर्पचं विद्यापीठ अशा ठिकाणची माणसं आणि त्यांची उपकरणं. हायपरस्पेक्ट्रलचा भाग वॉशिंग्टनच्या टीमकडे होता, जॉन डिलेनी आणि त्यांचे सहकारी, ज्यांनी हे तंत्र चित्रांसाठी वापरण्यात कितीतरी वर्षं घालवलीत. दोनच आठवडे का, तर इतकं प्रसिद्ध चित्र भिंतीवरून जास्त दिवस हलवणं कुठल्याच संग्रहालयाला परवडत नाही. त्यामुळे कुठलं यंत्र कधी लागणार, कुणानंतर कोण, हे सगळं आधीच बारकाईने ठरवून ठेवावं लागलं.

आता हायपरस्पेक्ट्रल म्हणजे काय ते सांगते, कारण हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं काहीतरी क्ष-किरणासारखं आरपार बघणारं यंत्र असेल. तसं नाहीये. आपला फोनचा कॅमेरा प्रत्येक पिक्सेलसाठी तीन आकडे ठेवतो, लाल, हिरवा, निळा, बस. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच पिक्सेलसाठी शेकडो आकडे ठेवतो, प्रकाशाचे शेकडो बारीक बारीक पट्टे करून प्रत्येक पट्ट्यात तिथून किती प्रकाश परत आला ते मोजतो. शिवाय डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशावर थांबत नाही. साधारण ४०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी एक कॅमेरा आणि १००० ते २५०० नॅनोमीटरसाठी दुसरा, अशी जोडी सहसा वापरतात. आपल्याला ७०० च्या पुढे काही दिसत नाही, म्हणजे या मोजणीचा बराच मोठा भाग आपल्या डोळ्यांच्या पलीकडचा. हाती काय येतं तर एकावर एक रचलेल्या शेकडो चित्रांची थप्पी, आणि त्या थप्पीत कुठल्याही बिंदूवर वरून सुई खुपसली की त्या बिंदूचा आलेख मिळतो, कुठल्या प्रकाशात किती परावर्तन झालं त्याचा.

थोडा हिशोब करून बघा. समजा ०.२ मिलिमीटरला एक बिंदू घेतला, तर एवढ्याशा चित्राचे सुमारे ४३ लाख बिंदू होतात, आणि प्रत्येकी ३०० पट्टे धरले तर १३० कोटी आकडे. हा फक्त माझा उदाहरणाचा हिशोब, पण एवढ्यावरूनही लक्षात येईल की स्कॅन करणं हे काम एकवेळ लवकर होतं, खरे महिनोन्महिने जातात ते नंतर कॉम्प्युटरसमोर.

आणि हे आलेख कामाचे कसे, तर प्रत्येक रंगद्रव्य प्रकाश आपल्या पद्धतीने गिळतं. हिंगूळ हा लाल रंग घ्या, त्याचा आलेख ६०० नॅनोमीटरच्या आसपास एकदम भिंतीसारखा वर चढतो. लाजवर्द दगडापासून केलेला अल्ट्रामरीन निळा ६०० च्या आसपास सगळ्यात जास्त प्रकाश गिळतो आणि ७०० नंतर परत वर येतो. नीळ त्याच्या थोडी पुढे, ६६० च्या आसपास गिळते आणि मग झपकन वर जाते, इतकी की इन्फ्रारेडमध्ये ती जवळजवळ काचेसारखी होते. कोचिनिअलसारख्या किड्यांपासून केलेल्या लाल रंगात ५२० आणि ५६० च्या जवळ दोन छोटे खड्डे दिसतात, मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून केलेल्या लालमध्ये ते खड्डे जरा अलीकडे असतात. पिवळ्या मातीचा खड्डा ९०० च्या जवळ. आणि शिशापासून केलेला पांढरा, लेड व्हाइट, तो डोळ्यांना नुसता पांढरा दिसतो पण १४४७ नॅनोमीटरला त्याची एक बारीक टोकदार खूण असते, जी खडूत नसते आणि जिप्समची वेगळीच असते. दोन निळे आपल्याला शेजारी शेजारी ठेवूनही एकसारखे वाटतील, आलेखात ते दोन वेगळी माणसं असल्यासारखे ओळखू येतात.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. त्या काचेच्या खोलीत एक्स-रे फ्लोरेसन्स स्कॅनिंगही झालं, आणि ते तंत्र जबरदस्त आहे, चित्राच्या प्रत्येक बिंदूला कुठलं मूलद्रव्य आहे त्याचा नकाशा काढून देतं. पारा दिसला की तिथे हिंगूळ, शिसं दिसलं की लेड व्हाइट किंवा लेड-टिन यलो नावाचा पिवळा, लोह दिसलं की माती. पण ते जड मूलद्रव्यांच्या बाबतीत हुशार. नीळ कशाची बनलेली आहे? कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन. वेल्डचा पिवळा? तोही सेंद्रिय. त्या स्कॅनरला हे दिसतच नाही. फार तर वेल्डचा रंग ज्या पांढऱ्या पुडीवर बसवलेला असतो तिच्यातलं कॅल्शियम दिसेल, पण कॅल्शियम तर चित्रात आणखी दहा ठिकाणी असू शकतं. एवढंच काय, ज्या निळ्यासाठी हे चित्र प्रसिद्ध आहे तो अल्ट्रामरीनसुद्धा सोडियम, अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक अशा हलक्या मूलद्रव्यांचा, त्यामुळे तिथेही एक्स-रे स्कॅनर चाचपडतो. म्हणजे या चित्रातले दोन कळीचे रंग, फेट्याचा निळा आणि पडद्याची नीळ, हे नेमके त्या तंत्राच्या आंधळ्या बाजूला पडतात आणि नेमके परावर्तनाच्या आलेखात उघडे पडतात. म्हणून हायपरस्पेक्ट्रल इथे "असलं तर बरं" या यादीतलं नव्हतं, त्याच्याशिवाय मागच्या भागाचा नकाशा झालाच नसता.

स्कॅन करताना काय काय सांभाळावं लागतं तेही थोडं सांगते, कारण लेखांमध्ये सुंदर रंगीत नकाशेच छापून येतात आणि त्यामागचं काम दिसत नाही. पहिली गोष्ट म्हणजे उजेड. हा कॅमेरा प्रकाशाचे शेकडो तुकडे करतो म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला फार थोडा प्रकाश येतो, म्हणून दिवे चांगले लागतात, हॅलोजनसारखे, ज्यांच्यात इन्फ्रारेडपर्यंतचा सगळा प्रकाश असतो. पण हॅलोजन म्हणजे उष्णता, आणि समोर साडेतीनशे वर्षांचा रंगाचा थर, त्यावर बारीक तड्यांचं जाळं. त्यामुळे दिवा आणि स्कॅन सोबत सोबत सरकतात, एका पट्टीवर प्रकाश क्षणभरच राहतो, तापमानावर सतत लक्ष. दुसरी गोष्ट, प्रत्येक वेळी एक प्रमाणित पांढरी पट्टी स्कॅन करायची जी पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवते, तिच्याशी तुलना करूनच खरं परावर्तन काढता येतं, नाहीतर आपण चित्र नाही, दिवाच मोजत बसू. तिसरी, सगळ्यात किचकट, वेगवेगळ्या यंत्रांच्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसवणं. एका नकाशातली पापणी दुसऱ्या नकाशात गालावर गेली तर सगळे निष्कर्ष बिघडले. इथे तेच तड्यांचं जाळं उपयोगी पडतं, प्रत्येक तडा म्हणजे खुणेचा दगड.

नंतर कॉम्प्युटरवर काय करतात, तर त्या लाखो आलेखांमधून एकमेकांपासून अगदी वेगळे दिसणारे मोजके आलेख निवडतात, आणि मग प्रत्येक बिंदू यांच्यापैकी कुणासारखा दिसतो ते तपासून नकाशा रंगवतात. ऐकायला सोपं आहे. पण व्हर्मीर काही शाळेतल्या रंगपेटीसारखे सुटे रंग लावणारा माणूस नव्हता, तो एकात एक मिसळायचा, एकावर एक पातळ थर द्यायचा, आणि मिश्रणाचा आलेख म्हणजे दोघांची साधी बेरीज कधीच नसते. काळ्याची चिमूट पडली तरी सगळ्या खुणा पुसट होतात. वर पिवळसर वॉर्निश असेल तर ते निळ्या टोकाचा प्रकाश खाऊन टाकतं आणि रंग आहे त्यापेक्षा उबदार वाटतो. म्हणून यंत्राने काढलेला नकाशा तसाच्या तसा मानायचा नसतो, रंगाची जाण असलेलं माणूस शेजारी बसून "हे शक्य आहे का, सतराव्या शतकात कुणी असं मिसळेल का" असं विचारत असावं लागतं.

आता मागच्या भागात काय सापडलं ते. नीळीचा माग पार्श्वभूमीवर लागला, आणि जेव्हा इन्फ्रारेडमधल्या प्रतिमा, परावर्तनाचे नकाशे, एक्स-रे नकाशे आणि डिजिटल मायक्रोस्कोपचे फोटो शेजारी ठेवून वाचले तेव्हा वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरक्या रेषा आणि रंगाचे चढउतार दिसले. कापडाला घडी पडली की जसे उजेड-सावलीचे पट्टे पडतात तसे. सपाट भिंतीला असले पट्टे नसतात. म्हणजे मुलगी अनंत काळोखात तरंगत नव्हती, ती एका खऱ्या जागेत, हिरव्या पडद्यासमोर बसलेली दाखवली होती. हे निष्कर्ष संग्रहालयाने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायचीय. या बातमीचं वर्णन करताना बरेच जण "हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने पडदा शोधला" असं एका वाक्यात उरकतात, ते बरोबर नाही. वेल्डचा पिवळा बघा, त्याला आलेखात अशी टोकदार, नाव घेऊन सांगता येईल अशी खूण नसते, फिका झाल्यावर तर काहीच उरत नाही. तो वेल्डच आहे हे १९९४ च्या जुन्या नमुन्यांच्या रासायनिक तपासणीमुळे माहीत होतं. नमुन्याने "काय" सांगितलं एका ठिपक्यावर, हायपरस्पेक्ट्रलने "कुठे" सांगितलं पूर्ण पृष्ठभागावर, इन्फ्रारेडने खालचा काळा थर दाखवला, मायक्रोस्कोपने थरांची अवस्था. एक जरी काढून घेतलं असतं तरी पडदा इतक्या खात्रीने मांडता आला नसता. लाल रंगाचंही तेच, आलेख सांगतो की हा किड्यापासूनचा लाल दिसतोय, पण तो कुठला किडा हे नक्की करायला रासायनिक तपासणीच लागते, आणि या चित्रात तो निघाला कोचिनिअल, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत निवडुंगावर वाढणारा. त्याच तपासणीत अल्ट्रामरीनचा दगड आजच्या अफगाणिस्तानातला आणि पांढऱ्याचं शिसं इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्ट भागातलं असल्याचं पुढे आलं. डेल्फ्टमध्ये बसलेल्या एका माणसाच्या रंगाच्या पाटीवर अर्धं जग होतं, आणि मला हे वाचून खरंच भरून आलं होतं.

बाकीचे शोध पटकन सांगते. मुलीला पापण्यांचे केस आहेत, अगदी बारीक, जे आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. व्हर्मीरने सुरुवात तपकिरी-काळ्या छटांनी केली, आधी रुंद कुंचल्याने आकार बसवले आणि मग वर रंग चढवला. कानाची जागा, फेट्याचा वरचा भाग आणि मानेची मागची कड त्याने काम करता करता सरकवली. आणि मोती, तो पांढऱ्या रंगाचे काही पारदर्शक आणि काही घट्ट फटकारे आहेत फक्त, कानात अडकवायला आकडीसुद्धा नाही.

पुन्हा पडद्याकडे येते. तो गेला कुठे? वेल्डमधला पिवळा रंग प्रकाशात उडतो, हे तर जुन्या डच चित्रांमध्ये सर्रास दिसतं, झाडांची पानं निळी दिसतात कारण हिरव्यातला पिवळा उडून गेलेला असतो. नीळ जास्त टिकते पण तीही तैलरंगात पातळ थरात लावली की फिकी होते. इथे दोन्ही रंग पातळ ग्लेझमध्ये आणि खाली काळा थर. म्हणजे वरचा हिरवा फिका होत गेला तसा खालचा काळा वर येत गेला, आणि वरून वॉर्निशं, सफाया, झीज. म्हणून आज दिसतो तो काळा सलगही नाही, नीट बघितलं तर डागाडागांचा आहे. ज्या काळोखावर इतकं लिहिलं गेलं तो बऱ्याच अंशी उडून गेलेल्या रंगाने मागे सोडलेली जागा आहे.

मग करायचं काय? लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो, परत हिरवा करा की. या प्रश्नासाठी दुसरं एक व्हर्मीर शेजारी ठेवते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहातलं, उघड्या खिडकीशी पत्र वाचणारी मुलगी. तिच्या मागच्या रिकाम्या भिंतीखाली कामदेवाचं चित्र आहे हे १९७९ मध्येच एक्स-रेमध्ये दिसलं होतं, आणि सगळे धरून चालले होते की व्हर्मीरनेच ते झाकलं असणार. नंतर तपासात दिसलं की मूळ रंग आणि वरचा थर यांच्यामध्ये जुनं वॉर्निश आणि धूळ आहे, म्हणजे झाकणारा दुसराच कुणीतरी, चित्र होऊन कितीतरी वर्षांनी. तेव्हा तो वरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने काढला आणि २०२१ मध्ये कामदेव लोकांसमोर आला. तिथे निर्णय घेता आला कारण मूळ रंग खाली शाबूत होता, परक्याचा थर फक्त हटवायचा होता. मोतीवाल्या मुलीच्या बाबतीत उलट आहे. इथे हटवण्यासारखं काही नाही, जे हवंय तेच गेलंय. हिरवा परत आणायचा म्हणजे आज कुणीतरी व्हर्मीरच्या थरावर स्वतःचा हिरवा लावायचा, कुठला हिरवा, किती गडद, घडी नेमकी कुठे वळते, सगळं अंदाजाने. ते जतन नाही, ते नवीन चित्र झालं. माझं मत विचाराल तर त्या पार्श्वभूमीला कुणी कुंचला लावू नये, आणि हे मत मी पुष्कळ विचार करून सांगतेय. पडदा दाखवायचाच असेल तर स्क्रीनवर दाखवा, वेगळ्या कॅनव्हासवर त्याच जुन्या पद्धतीने रंग बनवून प्रतिकृती करा, आणि हे पुनर्रचना आहे असं स्पष्ट लिहा.

पण म्हणून तपासणीचा जतनाला उपयोग नाही असं अजिबात नाही, उलट तीन ठिकाणी थेट उपयोग आहे. एक तर प्रकाश. नीळीचा नकाशा हातात आला की उरलेला नाजूक रंग नेमका कुठे आहे ते कळतं. तैलचित्रांना संग्रहालयात साधारण १५० ते २०० लक्स उजेड चालतो असं मानतात आणि कापड, जलरंग यांना ५० च्या आसपास, कारण त्यांचे रंग लवकर उडतात. पण ज्या तैलचित्रात वेल्ड आणि नीळ अशा नाजूक रंगांचे पातळ थर आहेत त्याला नुसतं "तैलचित्र" म्हणून मोकळं सोडायचं का, हा प्रश्न आता नकाशा समोर ठेवून विचारता येतो.

दुसरं, रिटचिंग. जुन्या दुरुस्त्या करणाऱ्यांनी रंग डोळ्याने जुळवलेला असतो, आलेखाने नाही. उदाहरणार्थ कुणी जुन्या निळ्यात कोबाल्ट निळा भरला असेल तर आपल्याला कळणार नाही, पण कोबाल्ट निळ्याच्या आलेखात ५४० ते ६३० च्या दरम्यान तीन खड्ड्यांची ठळक खूण असते, आणि तो रंग बनायला लागला १८०२ च्या सुमारास, व्हर्मीर वारला १६७५ ला. टायटॅनियम व्हाइट तर थेट विसाव्या शतकातला. असे तुकडे नकाशात वेगळे चमकतात आणि कॉन्झर्व्हेटरला पुढच्या वेळी सफाई करताना कळतं की इथे मूळ रंगाला धोका नाही, तिथे मात्र थांबायचं.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, ही मोजणी पुन्हा करता येते. त्याच पद्धतीने, तीच पांढरी पट्टी वापरून काही वर्षांनी परत स्कॅन केलं तर रंग सरकला का हे डोळ्याला कळायच्या कितीतरी आधी आकड्यांत दिसेल. फोटोंवरून हे होत नाही, १९९४ चा फोटो आणि आजचा फोटो यांच्यात फिल्म, दिवा, छपाई सगळंच बदललेलं आहे. एकच अट, कच्ची माहिती नीट सांभाळायची. नुसते छान रंगीत नकाशे ठेवून मूळ मोजणी टाकून दिली, किंवा कुठल्या दिव्याने, किती अंतरावरून, कुठल्या पट्टीशी तुलना करून घेतली ते लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती तुलनेला काहीच राहत नाही. हा कंटाळवाणा भाग आहे आणि पैसा, वेळ कमी पडला की सगळ्यात आधी कात्री यालाच लागते, हे बघून जीव तुटतो.

वॉशिंग्टनच्या टीमचं पुढचं एक काम इथे आठवतं. त्यांच्याच संग्रहातलं गर्ल विथ अ फ्लूट हे चित्र व्हर्मीरचं म्हणून लावलेलं होतं. कोविडच्या महामारीत गॅलरी बंद होती तेव्हा त्यांनी आपली व्हर्मीर चित्रं खाली काढून याच तंत्रांनी तपासली, थर कसे चढवलेत, रंग कसे कुटलेत ते शेजारी ठेवून बघितलं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की हे त्याच्या हातचं नाही, त्याची पद्धत माहीत असलेल्या जवळच्या कुणाचं तरी आहे. स्वतःच्या संग्रहातलं एक व्हर्मीर कमी करणारा निकाल, आणि तो त्यांनी सरळ जाहीर केला. मोतीवाल्या मुलीची मोजणी अशा कामांनाही उपयोगी पडते, कारण खात्रीशीर व्हर्मीर आलेखात कसा दिसतो ते तिच्यावरून सांगता येतं.

एक प्रश्न मात्र या सगळ्या यंत्रांना सुटला नाही आणि सुटणारही नाही, ती मुलगी कोण होती. संग्रहालयानेही हे मोकळेपणाने सांगितलं. तिच्या ओठांवर हिंगूळ आहे, फेट्यावर अफगाण दगड आहे, पाठीमागे नीळ आहे, एवढं पिक्सेल-पिक्सेलने माहीत आहे, नाव नाही.

तपासणी संपल्यावर चित्र फ्रेममध्ये परत गेलं, मागचा भाग होता तसाच काळा. कधी समोर उभं राहायची संधी मिळाली, किंवा घरी बसून संग्रहालयाचा मोठा फोटो उघडलात, तर चेहऱ्यावरून नजर जरा काढा आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात बघा. घड्या दिसणार नाहीत बहुतेक. पण तो काळा सगळीकडे एकसारखा नाहीये, कुठे दाट कुठे विरळ आहे, एवढं दिसेल.